नाजूक चेहऱ्याला ब्रश कोणता?

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पेडण्याकडून आणि डिचोलीकडून येणाऱ्या बसगाड्या सकाळीच रिकाम्या होतात. भाजी, सुकी मासळी, मिरची यांची खरेदी आटोपली म्हणजे बायाबापड्यांची आणि मुलींची पावले हळूच कंगवे, आरसे, बांगड्या मांडलेल्या दुकानांकडे वळतात. अशा दुकानांतून अलीकडे एक नवी वस्तू टांगलेली आढळते. ती म्हणजे चेहरा धुण्याचा ब्रश. कोठे तो लाकडी मुठीचा असतो, कोठे रबरासारख्या मऊ सिलिकोनचा, तर कोठे विजेरीवर थरथरणारा. साधा ब्रश शंभर-दोनशे रुपयांत मिळतो. मोठ्या शहरांतील दुकानांत मांडलेल्या यंत्रांची किंमत काही हजारांच्या घरात जाते. वेष्टनावरचा चेहरा मात्र सगळीकडे सारखाच नितळ असतो.

ज्यांची त्वचा निबर आहे त्यांना ही वस्तू घेतली काय आणि न घेतली काय, फारसा फरक पडत नाही. परंतु साबण लागताच ज्यांचा चेहरा चुरचुरतो, उन्हात दोन घटका उभे राहिल्यास गाल लाल होतात, टॉवेलाने जरा जोराने पुसले तरी आग होते, त्यांच्यापुढे हा ब्रश एक पेचच उभा करतो. घ्यावा तर कातडी सोलवटून निघेल ही भीती. न घ्यावा तर दिवसभराची धूळ आणि घाम निघणार कसा ही काळजी. त्यातून महिन्याच्या मिळकतीत सौंदर्यप्रसाधनांसाठी बाजूला काढता येणारी रक्कम ती केवढी! म्हणून ह्या प्रश्नाचा विचार थोडा मुळापासून करणे अगत्याचे आहे.

प्रथम धुळीचा विचार करावा, कारण ब्रशाची गरज तिच्यामुळेच भासते. गोमंतकाच्या उत्तर टोकावरील ह्या दोन शेजारी तालुक्यांतील धूळ एकसारखी नाही. डिचोली तालुक्याची ओळख लोहखनिजाच्या तांबड्या मातीशी जडलेली आहे. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने गोव्यातील खाणी बंद पडल्या, काही काळ चालू होऊन २०१८ साली त्या पुन्हा थांबल्या आणि २०२४ मध्ये डिचोलीच्याच पट्ट्यातून उत्खननाला पुन्हा आरंभ झाला. खाणी चालू असोत वा बंद, उन्हाळ्यात ह्या भागातल्या रस्त्याच्या कडेची झाडे तांबडी दिसतात ही गोष्ट खरी. जी धूळ पानावर बसते तीच चेहऱ्यावरही बसते. पेडण्याकडे मोरजी, मांद्रे, हरमल, केरी अशी समुद्रकाठची गावे असल्यामुळे तेथील वाऱ्यात मीठ असते आणि बारीक वाळू असते. होडीवर, वाळवणावर किंवा किनाऱ्यावरील खानावळीत काम करणाऱ्यांच्या चेहऱ्यावर संध्याकाळपर्यंत मिठाचा आणि वाळूचा एक पातळ थर जमतो.

आता ह्या दोन्ही धुळींचा कठीणपणा पाहू गेल्यास एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. खनिजांचा कठीणपणा मोजण्याची एक ते दहा अंकांची मोजपट्टी आहे. तीवर माणसाचे नख सुमारे अडीच अंकांवर येते, लोहखनिज साडेपाच ते साडेसहावर आणि समुद्रकाठच्या वाळूतील गारेचा कण सातवर येतो. म्हणजे दिवसअखेर चेहऱ्यावर बसलेला कण हा नखाहून कितीतरी कठीण असतो. असे कण चेहऱ्यावर असताना कोरडा किंवा अर्धवट ओला ब्रश फिरवला, तर ब्रश कितीही मऊ असला तरी तो ते कण घेऊन चेहऱ्यावर काचकागदासारखा फिरतो. ब्रशावर येणारा बराचसा दोष वस्तुतः ह्या कणांचा असतो. यावरून पहिला नियम निघतो तो असा की, ब्रश असो, कापड असो वा नुसती बोटे असोत, चेहऱ्याला काहीही लावण्यापूर्वी स्वच्छ पाण्याच्या आठदहा ओंजळी मारून कण वाहून जाऊ द्यावेत. ह्या उपायाला एक पैसाही लागत नाही.

कणांनंतर येते ती त्वचा. त्वचेच्या अगदी बाहेरच्या थराची जाडी चेहऱ्यावर सुमारे एक ते दोन शतांश मिलिमीटर असते. ज्या कागदावर वर्तमानपत्र छापले जाते, त्याच्या जाडीचा तिसरा हिस्साही ती भरावयाची नाही. ह्या थरात मृत पेशींचे दहापंधरा पदर एकावर एक रचलेले असतात आणि त्यांच्या सांधींत स्निग्ध द्रव्ये भरलेली असतात. शास्त्रज्ञ त्याला विटांच्या भिंतीची उपमा देतात. गोमंतकात जांभ्या चिऱ्यांची घरे पाहिलेल्यांना ती उपमा सहज पटण्यासारखी आहे. पेशी हे चिरे आणि स्निग्ध द्रव्य हा त्यांमधला चुना. चिरे शाबूत असून चुना झडला, तर पावसाचे पाणी जसे भिंतीतून आत झिरपते, तसेच येथेही होते. आतला ओलावा उडून जातो आणि बाहेरचा साबण, घाम, मीठ, सुगंधी द्रव्ये आत शिरतात. आत शिरताच मज्जातंतूंची टोके चाळवली जातात आणि चुरचुर सुरू होते.

नाजूक किंवा संवेदनशील त्वचा म्हणतात ती हीच. २०१७ साली ह्या विषयाच्या तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने तिची व्याख्या निश्चित केली. सर्वसाधारण माणसाला ज्याचा त्रास होऊ नये अशा गोष्टींनी ज्या त्वचेला चुरचुर, आग, खाज, टोचणी किंवा झिणझिण्या जाणवतात ती संवेदनशील त्वचा, असा तिचा आशय आहे. त्वचा पाहून हा दोष दिसेलच असे नाही. पुष्कळदा चेहरा वरून अगदी स्वच्छ दिसतो आणि त्रास तेवढा खरा असतो. घरातल्या मंडळींना ते नखरे वाटतात. वास्तविक ही मुलगी खोटे बोलत नसते. तिच्या भिंतीतला चुना झडलेला असतो.

हा चुना झडतो कशाने? दोन गोष्टींनी विशेष. एक साबण आणि दुसरी घासणे. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्ल असतो. १९२८ साली शाडे आणि मार्किओनिनी ह्या जर्मन शास्त्रज्ञांनी ह्या गोष्टीकडे लक्ष वेधले आणि त्याला त्वचेचे आम्ल कवच असे नाव दिले. सामू मोजण्याच्या पट्टीवर हे कवच पाचच्या आसपास असते, तर अंगाचा नेहमीचा साबण नऊदहाच्या घरात, म्हणजे चांगलाच अल्कधर्मी असतो. तशात गोमंतकातील जांभ्याच्या विहिरींचे पाणी बहुधा मृदू असते. अशा पाण्यात थोड्या साबणाचाही भरपूर फेस होतो आणि फेस भरपूर झाला म्हणजे चेहरा स्वच्छ झाला अशी समजूत होऊन साबण अधिकच चोळला जातो. अगोदर साबणाने चुना सैल करावयाचा आणि मग त्यावर ब्रश फिरवावयाचा, असा हा दुहेरी मार होतो.

घासण्याची साधने गोमंतकाला अपरिचित नाहीत. ब्रश येण्याच्या कितीतरी आधी येथील न्हाणीघरात त्यांचा एक संचच असे. टाचेला वजरी किंवा खरखरीत दगड, भांड्यांना आणि गुरांच्या पाठीला नारळाचे सोडण, आणि अंगाला वेलीवरच वाळवलेल्या घोसाळ्याची जाळी. घोसाळे कोवळे असताना त्याची भजी होतात. ते जून होऊन वाळले म्हणजे साल आणि बिया काढून टाकल्यावर आत तंतूंची जी जाळी उरते ती पाठ घासण्यास उत्तम. शिराळ्यालाही अशी जाळी असते. जुन्या घरांत कोणते साधन शरीराच्या कोणत्या भागाला लावावयाचे ह्याची शिस्त आपोआप पाळली जाई. टाचेच्या कातडीचा बाहेरचा थर चेहऱ्याच्या थराच्या कित्येक पट जाड असतो. म्हणून टाचेला दगड सोसतो आणि पाठीला घोसाळे सोसते. चेहऱ्याला दोन्ही सोसत नाहीत. घरचे आहे, झाडाचे आहे, म्हणून ते सौम्यच असणार अशा विश्वासाने हल्ली घोसाळ्याच्या चकत्या चेहऱ्यासाठी म्हणून विकल्या जातात. नाजूक त्वचेच्या माणसाने त्यांच्या वाटेस न जावे हे बरे.

चेहऱ्यासाठी त्या काळी काय होते? नरकचतुर्दशीच्या पहाटे अजून ज्या घरांत अभ्यंगस्नान होते, तेथे त्याचे उत्तर सापडते. कारीट फोडण्यापूर्वी अंगाला तेल लागते, मग उटणे, मग ऊन पाणी. ह्या क्रमात मोठे शहाणपण आहे. तेलाने त्वचेवरचा मळ सैल होतो, पिठाचे कण तेलात भिजून त्यांची धार जाते आणि उटणे मळाबरोबर जादा तेलही ओढून घेते. नुसत्या कोरड्या पिठाने घासले असते तर जे खरचटले असते ते तेलामुळे खरचटत नाही. वस्त्रगाळ बेसन किंवा मसुरीचे पीठ दुधात किंवा पाण्यात पातळ कालवून, न चोळता लावून धुऊन टाकले, तर ते पुष्कळांना आजही मानवते. त्यात लिंबू पिळण्याची चाल मात्र नाजूक त्वचेला घातक आहे.

ब्रशाचा इतिहास ह्यामानाने अलीकडचा आहे. पूर्वी ब्रशाचे तंतू म्हणजे बहुधा डुकराचे केस असत. ह्या केसांत पाणी मुरते, ते लवकर वाळत नाहीत आणि प्रत्येक केस सारख्याच जाडीचा नसतो. अमेरिकेत १९३५ साली वॉलेस करोदर्स ह्या रसायनशास्त्रज्ञाने नायलॉन तयार केले आणि १९३८ साली नायलॉनच्या तंतूंची दातघासणी बाजारात आली. तेव्हापासून हव्या त्या जाडीचा तंतू काढता येऊ लागला आणि ब्रश स्वस्त झाला. २००४ साली अमेरिकेतच क्लॅरिसॉनिक नावाचे चेहरा धुण्याचे यंत्र आले. सेकंदाला तीनशे कंपने हे त्याचे वैशिष्ट्य म्हणून सांगितले जाई. २०११ साली लॉरियाल ह्या फ्रेंच कंपनीने ते विकत घेतले आणि २०२० च्या सप्टेंबरअखेर तो व्यवसायच बंद केला. ज्यांनी मोठी रक्कम मोजून ती यंत्रे घेतली होती त्यांच्या हाती मूठ राहिली. तिला लागणारी ब्रशाची टोके मात्र दुर्मीळ झाली. स्वस्त काय आणि महाग काय हे ठरवताना ही हकीकत आठवणीत ठेवण्याजोगी आहे. अशा यंत्रात मुठीची किंमत एकदाच द्यावी लागते, टोकांची मात्र दर काही महिन्यांनी.

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळू. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांच्या अकादमीचा सर्वसामान्य सल्ला असा आहे की, चेहरा कोमट पाण्याने आणि सौम्य द्रव्याने, बोटांच्या टोकांनीच धुवावा. म्हणजे ज्याच्याशी इतर सर्व ब्रशांची तुलना करावयाची तो मूळ ब्रश प्रत्येकाच्या हातालाच आहे. बोटांनी काम भागत असेल तर पुढे जाण्याचे कारण नाही. भागत नसेल, उदाहरणार्थ खाणीवर किंवा रस्त्याच्या कामावर असणाऱ्यांच्या नाकाच्या कडांना, कपाळाच्या रेषांत काजळी राहतच असेल, तर दुसरी पायरी मऊ सुती कापडाची आणि तिसरी ब्रशाची.

ब्रश घ्यावयाचाच झाला तर तो मऊ आहे की नाही हे वेष्टनावरच्या शब्दांवरून ठरवू नये. मऊपणाचे गणित अगदी साधे आहे आणि ते माडाच्या हिरांचा खराटा वापरणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. नवा, लांब हिरांचा खराटा लवचिक असतो. तोच झिजून आखूड झाला म्हणजे ताठ होतो आणि मग त्याने अंगण खरवडता येते. हीर तोच, लांबी कमी झाली एवढेच. तंतूची लांबी दुप्पट केली तर त्याचा ताठपणा आठपट कमी होतो आणि जाडी दुप्पट केली तर तो सोळापट वाढतो. मऊ म्हणून विकल्या जाणाऱ्या दातघासणीचा तंतू साधारण दोन दशांश मिलिमीटर जाड असतो, म्हणजे माणसाच्या केसाच्या दुपटीहून अधिक, शिवाय तो आखूड असतो. जुनी दातघासणी चेहऱ्याला वापरण्याची काटकसर म्हणूनच महागात पडते. चेहऱ्याच्या ब्रशाचे तंतू केसाइतके बारीक, लांब आणि दाट असावेत. दाट असले म्हणजे दाब पुष्कळ टोकांवर वाटला जातो आणि कोणतेही एक टोक रुतत नाही.

दुकानात उभ्याउभ्या करता येतील अशा काही परीक्षा आहेत. ब्रश उजेडाकडे धरून तंतूंची टोके पाहावीत. चांगल्या ब्रशाची टोके गोल केलेली किंवा निमुळती असतात. हलक्या ब्रशाची टोके कापणीनंतरच्या भाताच्या खुंटांसारखी सपाट आणि कडेला धार असलेली असतात. मनगटाच्या आतल्या बाजूवर ब्रश हलकेच फिरवावा. तेथील त्वचा पातळ असते, म्हणून तिचा कौल विश्वसनीय ठरतो. तळहातावर फिरवून पाहण्यात काही अर्थ नाही. तेथे ओरखडा जाणवला तर ब्रश परत करावा. एकदोन तंतू हलके ओढून पाहावेत. ते सुटून येत असतील तर पुढे पाण्यात निघून डोळ्यांत जाण्याचा संभव. मूठ लाकडाची नसावी, कारण पावसाळ्यात तिच्यावर बुरशी धरते. सिलिकोनच्या ब्रशाला तंतूंऐवजी बारीक बोंडे असतात. ती जाड दिसली तरी तो पदार्थच मऊ असल्यामुळे सहज वाकतात. शिवाय त्यात पाणी मुरत नाही हा त्याचा मोठा गुण. मात्र त्याला चिकटपणा किंवा उग्र वास असू नये. विजेरीच्या यंत्राची नाजूक त्वचेला गरज नाही. ज्या त्वचेला घर्षण सोसत नाही तिला सेकंदाला शेकडो वेळा घर्षण देण्यासाठी पैसे मोजावेत, ह्यात कसली काटकसर?

ब्रश घरी आणल्यावर तो साबणाच्या पाण्याने धुऊन घ्यावा. नायलॉनचा तंतू पाण्यात भिजला म्हणजे अधिक लवचिक होतो, म्हणून प्रत्येक वेळी तो मिनिटभर कोमट पाण्यात बुडवून मगच वापरावा. पहिले तीनचार दिवस संपूर्ण चेहऱ्यावर न लावता फक्त जबड्याच्या एका कोपऱ्यावर फिरवून पाहावा. तेथे आलेली लाली अर्ध्या तासात गेली नाही किंवा दुसऱ्या दिवशी तेथे पाणी लागताच चुरचुरले, तर तो ब्रश त्या चेहऱ्याचा नव्हे असे समजावे. तसे झाले नाही तर आठवड्यातून दोन वेळा, रात्रीच्या वेळी, वीस-तीस सेकंद पुरेत. हात इतका हलका असावा की तंतू वाकू नयेत. टोकेच काय ती टेकावीत. डोळ्यांभोवतीचा भाग आणि ओठ वगळावेत. धुतल्यावर चेहरा पुसू नये, टिपावा. आणि तो दमट असतानाच सुगंध नसलेले एखादे स्निग्ध मलम लावावे, म्हणजे सांध्यांतला चुना भरून निघण्यास मदत होते. कोकमाच्या बियांचे भिरंडेल ह्या भागात भेगाळलेल्या टाचांना आणि ओठांना पूर्वापार लावतात. ते थंड असताना घट्ट असते आणि अंगाच्या उष्णतेने वितळू लागते. ओठांना आणि कोरड्या गालांना त्याचा अगदी पातळ हात पुष्कळांना पुरतो. ज्यांना मुरुमे येतात त्यांनी मात्र खोबरेल चेहऱ्यावर लावण्याचे टाळावे, कारण त्याने रंध्रे बुजण्याचा संभव असतो.

ह्यानंतरची काळजी गोमंतकात इतर ठिकाणांपेक्षा अधिक महत्त्वाची. येथे वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक चार महिन्यांत. आषाढात पेडण्यात काय किंवा डिचोलीत काय, दोरीवर घातलेला पंचा दोन दिवस वाळत नाही. मग न्हाणीच्या कोपऱ्यात ठेवलेला ब्रश कसा वाळावा? ओल्या तंतूंत त्वचेचे कण आणि साबणाचा लगदा अडकून राहतो आणि त्यावर जंतू पोसले जातात. अमेरिकेतील संशोधकांनी १९९४ साली घोसाळ्याच्या जाळ्यांची तपासणी करून दाखवले की, ओल्या जाळीत रोगकारक जंतूंची वाढ होऊ शकते आणि ते तिच्यावाटे त्वचेवर येऊ शकतात. स्यूडोमोनास ह्या जंतूमुळे केसांच्या मुळांशी होणाऱ्या पुटकुळ्यांचा त्यात उल्लेख आहे. जो नियम घोसाळ्याला तोच ब्रशाला. वापरल्यावर तो धुवावा, झटकावा आणि तोंड खाली करून वारा लागेल अशा जागी टांगावा. उन्हाळ्यात ऊन दाखवावे. पावसाळ्यात न्हाणीत न ठेवता स्वयंपाकघरात किंवा पंख्याखाली वाळवावा. तो दुसऱ्या कोणाला देऊ नये, सख्ख्या बहिणीलाही. तंतू फाकले किंवा वास येऊ लागला की टाकून द्यावा. असे तीन महिन्यांनी करावे लागले, तर दीडशे रुपयांचा ब्रश वर्षाला सहाशे रुपयांना पडतो. हिशेब करताना पहिली किंमत न धरता ही वर्षाची किंमत धरावी.

काही चेहऱ्यांना मात्र कोणताच ब्रश लावू नये. चेहऱ्यावर गजकर्ण, इसब किंवा पू असलेली मुरुमे असताना, उन्हाने कातडी भाजली असताना, ब्लीच किंवा थ्रेडिंग केल्यावर दोनचार दिवस, मुरुमांसाठी कातडी सोलणारी औषधे चालू असताना ब्रश वर्ज्य समजावा. आणखी एक कारण गंभीर आहे आणि ते फारसे बोलले जात नाही. गोरेपणासाठी म्हणून औषधांच्या दुकानातून आणलेल्या कित्येक मलमांत स्टेरॉइड असते. पहिले काही आठवडे चेहरा उजळ दिसतो. मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, मुरुमे उठतात आणि मलम थांबवले की आगीचा डोंब होतो. भारतातील त्वचारोगतज्ज्ञांना हे रुग्ण इतक्या वारंवार दिसू लागले की, २०१८ साली केंद्र सरकारने अशी चौदा स्टेरॉइडे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकता येणार नाहीत अशा औषधांच्या यादीत घातली. तरीही शेजारणीने सांगितले म्हणून, मैत्रिणीने दिले म्हणून ती मलमे लावली जातात. अशा मुलीला आपली त्वचा जन्मतःच नाजूक आहे असे वाटू लागते आणि ती अधिकाधिक मऊ ब्रशाच्या शोधात बाजार पालथा घालते. तिला ब्रश नको, डॉक्टर हवा. जवळच्या आरोग्यकेंद्रात, म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात किंवा बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातील त्वचाविभागात जाताना तिने ते मलम बरोबर न्यावे आणि ते लपवू नये. मलम एकदम थांबवल्यानेही त्रास वाढतो, म्हणून ते कसे सोडावे हे तेथेच विचारावे.

राहता राहिली मधली पायरी, कापडाची. नवे कापड खळीमुळे ताठ असते, टॉवेलाचे फासे खरखरीत असतात. परंतु शेकडो वेळा धुतलेल्या जुन्या सुती साडीचा तुकडा इतका मऊ झालेला असतो की, विकत घेऊ म्हटले तर तसे कापड मिळणे कठीण. वीतभर लांबीरुंदीचे सात तुकडे कापून, कडा दुमडून शिवून ठेवावेत. रोज एक वापरावा, रोज धुवावा, आठवड्यातून एकदा सगळे उकळत्या पाण्यात घालून वाळवावेत. पावसाळ्यात वाळायला वेळ लागला तरी सात असल्यामुळे अडत नाही. कापड ओले करून, पिळून, नाकाच्या कडांना आणि कपाळाला नुसते टेकवावे आणि उचलावे. खाणीची तांबडी धूळ आणि हरमलची वाळू ह्या दोहोंना ते पुरे पडते.

त्वचेचा बाहेरचा थर साधारण चार आठवड्यांत आतून नवा होऊन येतो. ज्या चेहऱ्याला घासण्याने इजा झाली आहे, त्याला महिनाभर घासणे थांबवून पाण्याच्या ओंजळी, सौम्य द्रव्य, बोटे आणि मऊ कापड एवढ्यावरच ठेवून पाहावे. पुष्कळांची चुरचुर तेवढ्यानेच ओसरते. मग ब्रश घ्यावयाचा की नाही हे ठरवण्यास उसंत मिळते आणि घ्यावयाचाच ठरला तर तो पारखून घेता येतो. कोकणात आणि गोमंतकात तान्ह्या मुलाचे दुपटे आईच्या किंवा आजीच्या जुन्या लुगड्याचेच करण्याची रीत आहे. नवे कापड बाळाच्या अंगाला लावीत नाहीत. सर्वांत नाजूक त्वचेला काय मानवते ह्याचे ज्ञान असे घरातच होते. मोठेपणी चेहऱ्याचा प्रश्न पडल्यावर प्रथम त्या कपाटाकडे पाहावे आणि मग बाजाराकडे.